इंग्रजी शब्दांतले दोन पदर



भाषेवर बोलावयाचे ते पंडितांनी. आम्ही पडलो युनियनचे कार्यकर्ते. शाळा नववीत सुटली आणि पुढचे सारे शिक्षण सूतगिरणीच्या पाळीत, युनियनच्या कचेरीत आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. इंग्रजी आम्ही शिकलो ते हौसेने नव्हे, गरजेने. कामगाराचे गाऱ्हाणे मराठीत असते. पण वकिलांची पत्रे, करारांचे मसुदे आणि निवाडे बहुधा इंग्रजीत येतात. जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्यावर सही करण्याची पाळी ज्याच्यावर एकदा आली, त्याला शब्दकोश विकत घ्यावाच लागतो. आमचा शब्दकोश रद्दीच्या दुकानातला. पुठ्ठा उडालेला, पण प्रत्येक शब्दाची कुळकथा सांगणारा. रात्रपाळीच्या सुटीत तो चाळता चाळता एका गोष्टीकडे आमचे लक्ष गेले. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

ती गोष्ट अशी की, 'दोन' हा साधा आकडा इंग्रजीतल्या कितीतरी शब्दांच्या पोटात लपून बसला आहे. काही शब्दांत तो उघड दिसतो, काहींत इतका मुरलेला असतो की खुद्द इंग्रजांनाही त्याची आठवण राहिलेली नाही. हे शब्द कोड्यासारखे सोडविण्यात मौज आहेच. पण ते जमवीत गेल्यावर आम्हांला दिसले की, त्यांतले पुष्कळसे आमच्याच व्यवसायाचे आहेत. सुताचे, हिशेबाचे, कराराचे आणि मजुरीचे आहेत. जिथे दोन आले तिथे एक प्रश्न आला: या दोघांचे एकमेकांशी नाते काय? त्या प्रश्नाचा इतिहास या शब्दांत सापडतो.

आम्ही गिरणीत लागलो ते डबलिंग खात्यात. ज्यांनी सूतगिरणी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कताईच्या साच्यावरून उतरते ते एकेरी सूत. असे दोन धागे शेजारी शेजारी घेऊन त्यांना एकत्र पीळ दिला की दुपदरी सूत होते. ते एकेरीपेक्षा सारखे आणि मजबूत असते, कारण एका धाग्यात जिथे बारीक जागा असते तिथे दुसरा त्याला सांभाळून घेतो. पीळ देणाऱ्या यंत्राला आम्ही सारे 'टीएफओ' म्हणतो. त्याचे पुरे नाव 'टू फॉर वन ट्विस्टर', म्हणजे चातीच्या एका फेऱ्यात धाग्याला दोन पीळ देणारे यंत्र. या नावात दोन हा आकडा दोनदा आला आहे. एकदा 'टू' मध्ये उघडपणे, आणि एकदा 'ट्विस्ट' मध्ये लपून.

'ट्विस्ट' म्हणजे मुळात दोन पदरांचा दोर. आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. हाच शब्द डच भाषेतही आहे आणि त्याचा जर्मन भाऊ 'त्स्विस्ट'. पण त्या दोन्ही भाषांत त्याचा अर्थ भांडण! एकाच मुळापासून एकीकडे दोन धाग्यांची जोड झाली आणि दुसरीकडे दोन माणसांची दुही. यात विसंगती वाटेल, पण आपली मराठी तरी काय करते? 'दुपदरी', 'दुहेरी' हे शब्द दोनांना जोडतात, आणि 'दुही', 'दुफळी', 'दुजाभाव' हे शब्द दोनांना तोडतात. दोन या आकड्याला स्वतःचा स्वभाव नाही. पीळ बसला तर दोर, न बसला तर भांडण.

विणकरांनी या घराण्यात आणखी भर घातली. 'ट्वाइन' म्हणजे दोन पदरांची सुतळी. 'ट्विल' म्हणजे ज्यावर तिरप्या रेषा उमटतात ते कापड. आजची जीनची विजार याच विणीची. रोमन लोक त्याला 'बिलिक्स', म्हणजे दोन धाग्यांचे, असे म्हणत. जुन्या इंग्रज विणकरांनी या शब्दाचा पुढचा अर्धा भाग भाषांतरित केला, 'बि' च्या जागी आपला 'ट्वि' घातला, आणि मागचा अर्धा भाग लॅटिनच ठेवून 'ट्विलिक' केले. पंडित असे अर्धे भाषांतर करणार नाहीत. कामकरी माणूस बेधडक करतो. त्याच रीतीने 'ट्रिलिक्स', म्हणजे तीन धाग्यांचे, याचे जर्मन भाषेतून 'ड्रिल' झाले, आणि खाकी ड्रिलच्या गणवेशातून ते आपल्या शाळांपर्यंत पोहोचले.

आता हे 'टू' आणि आपले 'दोन' यांचे नाते पाहू. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य इतके आहे की त्या एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. पुढच्या शतकात अभ्यासकांनी ते सविस्तर सिद्ध केले आणि इंग्रजीही त्याच कुळातली ठरली. म्हणून संस्कृत 'द्वि', लॅटिन 'दुओ' आणि इंग्रजी 'टू' ही सख्खी भावंडे आहेत. 'बोथ' या शब्दाचा पहिला भाग आणि संस्कृत 'उभ' हे एकाच घरचे. इंग्रजीतले 'ट्वेंटी' म्हणजे दोन दहा, आणि आपल्या 'विंशती'तला 'वि' हाही मूळचा 'द्वि'च, फक्त आरंभीचा 'द्' गळालेला. 'ट्वेल्व्ह' म्हणजे दहा मोजून 'दोन उरले'. 'डझन' हा शब्द लॅटिन 'दुओदेकिम', म्हणजे दोन आणि दहा, यावरून फ्रेंच मार्गे आला आणि आज आंब्याच्या बाजारात जाऊन बसला आहे. गिरणीच्या चहाबरोबर आम्ही जे बिस्कीट खातो ते नावाप्रमाणे 'दोनदा भाजलेले'. दूरच्या जहाजप्रवासात टिकावे म्हणून ते तसे करीत. 'डाउट', म्हणजे शंका, हा शब्दही दोनचाच आहे: मन दोन ठिकाणी होणे. आपणही 'मन द्विधा झाले' असे म्हणतोच. पूर्वी इंग्रज या शब्दात 'बी' हे अक्षर लिहीत नसत. लॅटिनची आठवण राहावी म्हणून पंडितांनी ते मागाहून घातले, आणि मुलांना ते आजही न उच्चारता लिहावे लागते.

इथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. दोन दिसला म्हणजे तो असतोच असे नाही. 'ड्युएल' म्हणजे दोघांचे द्वंद्व, म्हणून तो शब्द 'दुओ'वरून आला असे आम्ही एका अभ्यासवर्गात ठणकावून सांगितले होते. ते चूक निघाले. 'दुएल्लुम' हा लॅटिनमधला युद्धाचा जुना शब्द. मध्ययुगात लोकांनी त्याचा संबंध दोनाशी लावला आणि त्याचा अर्थच दोघांची लढाई असा झाला. उलट 'सेकंड' म्हणजे दुसरा, पण त्यात दोन मुळीच नाही. त्याचा मूळ अर्थ 'मागून येणारा'. तासाचा पहिला बारीक भाग तो मिनिट आणि दुसऱ्या वेळी केलेला बारीक भाग तो सेकंद, म्हणून घड्याळातला 'सेकंद'. चूक पुढच्या वर्गात आम्ही सुधारली. शब्दांच्या बाबतीत काय आणि हिशेबाच्या बाबतीत काय, वरवरच्या साम्यावर विसंबू नये.

असो. आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दोन माणसे, दोन बैल, दोन पक्ष एकत्र आले म्हणजे त्यांना इंग्रजीत काय म्हणतात? तीन शब्द प्रमुख आहेत. पहिला 'पेअर'. हा लॅटिन 'पार' या शब्दावरून आला, आणि 'पार' म्हणजे समान. दोन सारख्या वस्तू म्हणजे पेअर. दुसरा 'कपल'. याचे मूळ 'कोपुला', म्हणजे बांधण्याचा पट्टा किंवा दोरी. येथे समानता आवश्यक नाही, बांधलेले असले की पुरे. तिसरा 'योक'. हे आपले जू. इंग्रजी 'योक', लॅटिन 'युगुम', संस्कृत 'युग' आणि मराठी 'जू' हा एकच शब्द आहे. जुवाखालचे दोन बैल आपापसांत समान असतील, पण जू त्यांनी ठेवलेले नसते. हरलेल्या शत्रूला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जायला लावण्याची इटलीत प्रथा होती, इ. स. पू. ३२१ मध्ये कॉडाइन खिंडीत सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमन सैन्यालाच तसे जायला लावले. 'जुवाखाली आणणे' या लॅटिन शब्दांवरूनच 'सब्जुगेट', म्हणजे अंकित करणे, हा इंग्रजी शब्द झाला.

बरोबरीचे दोन, बांधलेले दोन आणि जुवाखालचे दोन. मालक आणि मजूर यांना कागदावर पहिल्या प्रकारात बसवितात. प्रत्यक्षात ते कुठे असतात ते पाहावयाचे, तर कागदाचाच इतिहास पाहावा लागतो.

लिहिता न येणाऱ्या लोकांनीही देण्याघेण्याचा पुरावा ठेवला आहे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात बाराव्या शतकात, आणि त्यानंतरही शेकडो वर्षे, हेझलच्या लाकडाची काठी वापरीत. तिला 'टॅली' म्हणत. काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडीत: हजार पौंडांना तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन भाग करीत. खाचा दोन्ही भागांवर सारख्याच राहत. मोठा भाग 'स्टॉक', तो पैसे देणाऱ्याकडे. लहान भाग 'फॉइल', तो खजिन्याकडे. हिशेबाच्या दिवशी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहावयाचे. लाकडाच्या रेषा आणि खाचा जुळल्या तर हिशेब खरा. एकाने मागाहून खाच वाढविली तर दुसऱ्याच्या तुकड्यावर ती नसणार. लबाडीला वावच नाही, मात्र एका अटीवर: दोघांकडेही आपापला तुकडा असला पाहिजे.

आज शेअरबाजारात 'स्टॉक' म्हणतात, पावतीपुस्तकात 'काउंटर फॉइल' म्हणतात, आणि दुकानातले मुनीम 'हिशेब टॅली झाला का' असे विचारतात, तेव्हा ते सारे या चिरलेल्या काठीचीच भाषा बोलत असतात. आम्ही युनियनची वर्गणी घेतो तेव्हा पावती कामगाराच्या हातात जाते आणि स्थळप्रत पुस्तकात राहते, तीही टॅलीच. हिशेबाचा दुसरा शब्द 'बॅलन्स', त्यातही दोनच आहे. 'बिलांक्स' म्हणजे दोन पारड्यांचा तराजू. बोनसच्या बोलणीच्या वेळी कंपनीचा ताळेबंद, म्हणजे 'बॅलन्स शीट', आम्ही मागतो तो एवढ्याचसाठी की एकच पारडे दाखवून वजन ठरत नाही.

टॅलीचा अंत चमत्कारिक झाला. १७८२ च्या कायद्याने ती बंद करावयाचे ठरले, ती प्रत्यक्षात १८२६ साली बंद झाली, आणि साठलेल्या जुन्या काठ्यांचे काय करावे हा प्रश्न पडला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्यात आल्या. भट्ट्या अतिशय तापल्या, आग इमारतीला लागली आणि इंग्लंडची दोन्ही सभागृहे जळून गेली. १८३४ हे साल श्रोत्यांनी लक्षात ठेवावे, त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

लाकडावर जे टॅलीने केले ते कागदावर 'इंडेंचर'ने केले. हा शब्द 'दात' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, आणि तो आपल्या 'दंत'चाच भाऊ. चामड्याच्या एकाच पत्र्यावर करार दोनदा लिहावयाचा, मधल्या मोकळ्या जागेत मोठी अक्षरे काढावयाची, आणि त्या अक्षरांतून नागमोडी किंवा करवतीच्या दातांसारखी रेघ कापून दोन भाग करावयाचे. एक भाग एका पक्षाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. वाद निघाला की दात दातांत बसतात की नाही ते पाहावयाचे. जमिनीच्या काही तडजोडींत ११९५ पासून तिसरी प्रतही लिहू लागले. ती पत्र्याच्या तळाशी असे आणि राजाच्या खजिन्यात राही. दोन पक्षांपैकी एकाचा तुकडा हरवला, किंवा कोणी 'हरविला', तरी तिसरा शाबूत असे. आपल्याकडच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मालक-कामगारांनी आपसांत केलेल्या लेखी कराराची प्रत सरकारी अधिकाऱ्याकडे गेली तरच तो समझोता ठरे. बाराव्या शतकातली ती तळची प्रतच यात पुन्हा अवतरली असे म्हटले तरी चालेल.

इंग्लंडात शिकाऊ उमेदवाराला कारागिराकडे ठेवीत ते अशाच दातेरी कागदावर. १५६३ च्या कायद्याने ही उमेदवारी सात वर्षांची केली. कागद दोघांकडे असे, त्यामुळे उस्तादाने शिकविले नाही किंवा उपाशी ठेवले तर मुलाच्या बापाला दाद मागता येई. शब्द खरा होता, कारण दुसरा तुकडा खरा होता.

पुढे या शब्दाचे काय झाले ते सांगताना आमचे मन कष्टी होते. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे टॅलीच्या आगीनंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, 'ॲटलस' जहाजातून आलेली हिंदी मजुरांची तुकडी मॉरिशसला पोर्ट लुई बंदरात उतरली. 'इंडेंचर' पद्धतीचे हे मजूर. १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसे त्या एका बंदरात उतरली. त्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांची वस्ती मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणून ओळखली जाते. १८६० पासून नाताळला आणि १८७९ पासून फिजीला अशीच जहाजे गेली. करार बहुधा पाच वर्षांचा. मजुराने अंगठा उठवावयाचा. काम सोडले, गैरहजर राहिला, तर दंड किंवा तुरुंग. त्याला तो कागद वाचता येत नव्हता. त्याने 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे 'गिरमिट' केले आणि स्वतःला 'गिरमिटिया' म्हणवून घेतले. नाव दातेरी कागदाचे, पण दात दातांत बसवून पाहण्याची सोय कोणाला? शब्द पेअरचा, माणूस जुवाखाली.

हे केवळ समुद्रापलीकडे होते असे मानू नये. येथेही १८५९ च्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तुरुंगात पाठविता येत असे. हा कायदा १९२५ साली रद्द झाला. इंग्लंडातही तोच न्याय होता: करार मालकाने मोडला तर दिवाणी बाब, मजुराने मोडला तर फौजदारी गुन्हा. तिथे हा भेद १८७५ साली गेला, आणि तेव्हा कायद्याच्या नावातले 'मास्टर अँड सर्व्हंट' जाऊन 'एम्प्लॉयर्स अँड वर्कमेन' आले. परदेशी गिरमिटाविरुद्ध नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात १९१० साली नाताळपुरता ठराव आणला आणि तो मान्य झाला. १९१२ साली त्यांनी ही पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, तो सरकारने फेटाळला. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तो पुन्हा आणला, तेव्हा सरकारने मान तुकविली, आणि १९१७ साली मजूरभरती थांबली. गोखले ते पाहावयाला राहिले नव्हते. १९१५ साली त्यांचे निधन झाले होते.

आता शेवटचा शब्द. तो आमच्या चळवळीचा जीव आहे. 'कंबाइन' म्हणजे एकत्र होणे. यात 'बिनी' हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे 'दोन-दोन'. दोघे दोघे मिळून जोडले जाणे म्हणजे कंबाइन. इंग्लंडात १७९९ आणि १८०० साली 'कॉम्बिनेशन ॲक्ट' झाले आणि मजुरी वाढवून मागण्यासाठी कामगारांनी एकत्र येणे हा गुन्हा ठरला. एकट्याने 'मला या पगारात काम करावयाचे नाही' असे म्हणावे, त्यात अपराध नाही. दोघांनी मिळून तेच म्हणावे, तर शिक्षा! हे कायदे १८२४ साली रद्द झाले, त्यात फ्रान्सिस प्लेस या माणसाचा वाटा मोठा. तो चामड्याच्या विजारी शिवणारा कारागीर. १७९३ च्या संपात पुढारपण केले म्हणून त्याला काम मिळेना, तेव्हा त्या दिवसांत तो घरी बसून वाचू लागला. आमच्यासारख्या रद्दीच्या शब्दकोशवाल्याला त्याचे नाव घेताना आपलेपणा वाटला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

कायदा गेला म्हणून धाक गेला नाही. १८२५ साली नवी बंधने आली. आणि १८३४ च्या मार्चमध्ये, त्याच सालात, डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एकत्र येणे गुन्हा उरला नव्हता, म्हणून बेकायदा शपथ दिल्याचा आरोप शोधून काढला. लोकांनी फार मोठा ओरडा केला आणि १८३६ साली त्यांना माफी मिळाली. १८७५ साली पार्लमेंटने स्पष्ट केले की, मजुरीच्या तंट्यात जी गोष्ट एकट्याने केल्यास गुन्हा नाही, ती दोघांनी किंवा अधिकांनी ठरवून केली म्हणून कट ठरणार नाही. योगायोग असा की त्याच १८७५ साली पुण्यात महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. लोकांनी एका ठिकाणी बसून ऐकावे आणि विचार करावा, हीही एक प्रकारची जोडणीच.

आपल्याकडे ही वाट पन्नास वर्षे उशिरा मोकळी झाली. १९१३ साली भारतीय दंडसंहितेत कटाचे कलम घातले, त्यात 'दोन किंवा अधिक व्यक्ती' हे शब्द होते. १९१८ साली मद्रासला गिरणी कामगारांची युनियन निघाली. पुढे तेथे तंटा पेटला तेव्हा मालकांनी युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला. तेव्हा नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात युनियनांना संरक्षण देण्याचा ठराव आणला, आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमाने नोंदलेल्या युनियनच्या सभासदांना कायदेशीर उद्देशासाठी केलेल्या कराराबद्दल त्या कटाच्या आरोपातून सोडविले. सव्वाशे वर्षे दोन देशांतली सरकारे एका आकड्याला भीत होती, आणि तो आकडा फार मोठा नव्हता. तो दोन होता.

हा सारा इतिहास आम्ही मोठ्या हुशारीने सांगत आहोत असे वाटू नये. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही वेतनाचा करार केला. बोलणी रात्री उशिरा संपली. बदली कामगारांना दोन वर्षांनी कायम करावयाचे, हे कलम आम्ही भांडून मिळविले होते. सह्या शेवटच्या पानावर झाल्या. 'शिक्के मारून तुमची प्रत उद्या देतो' असे व्यवस्थापनाने सांगितले. आम्ही दमलो होतो, खूशही होतो, उठलो. उद्याचा परवा झाला. सरकारी कचेरीत प्रत दाखल झाली ती त्यांनी पाठविलेली, आणि तिच्यातल्या मधल्या पानावर 'कायम करण्यात येईल' याऐवजी 'कायम करण्याचा विचार करण्यात येईल' असे होते. सह्या आमच्याच होत्या. शेवटच्या पानावर!

बावीस बदली कामगार होते. द्वारसभेत त्यांतल्या एकाने शांतपणे विचारले, "अण्णा, आपला कागद कुठं हाय?" त्याला व्युत्पत्ती ठाऊक नव्हती, पण इंडेंचर म्हणजे काय ते त्याला आमच्यापेक्षा चांगले कळले होते. जुळवून पाहावयाला आमच्याकडे दुसरा तुकडाच नव्हता. दावा आम्ही लढविला आणि हरलो. त्या बाविसांपैकी सातआठ जण पुढे कायम झाले, बाकीचे इकडेतिकडे पांगले. यात मालकाची लबाडी होती हे खरे. पण दोन प्रती घेतल्याशिवाय टेबलावरून उठण्याची चूक आमची होती, आणि तिची किंमत आम्ही नव्हे, त्यांनी भरली.

तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि आपली प्रत हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडावयाची नाही. कार्यकर्त्यांच्या शिबिरात आम्ही एक काठी घेऊन जातो, तिच्यावर खाचा पाडतो, ती उभी चिरतो आणि अर्धा भाग समोरच्या मुलाच्या हातात देतो. व्याख्यानाची गरज पडत नाही.

श्रोत्यांत गिरणीत न जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही घरमालकाशी, बँकेशी, सोसायटीशी, मुलाच्या नोकरीच्या वेळी कंपनीशी कागद करावा लागतो, आणि आता तर तो बहुतेक वेळा पडद्यावर येतो व बोटाच्या एका स्पर्शाने मान्य होतो. गिरमिटियाचा अंगठा आणि हे बोट यांत आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. तेव्हा एवढीच विनंती की, सही करण्यापूर्वी वाचावे, कळले नाही तर शेजाऱ्याला घेऊन बसावे, म्हणजे दोघे होतील. आणि उठण्यापूर्वी आपला तुकडा मागून घ्यावा. मागावयाला संकोच वाटण्याचे कारण नाही. करार या शब्दाचा अर्धा भाग आपलाच असतो.